समाचाराला आलेली माणसं

हातखंब्याच्या नाक्यावर गंगा कळंबटेची टपरी आहे. तिथे ट्रकवाल्याला चहा मिळतो, पोलिसाला मिळतो, गोव्याला निघून वाट चुकलेल्या पोरांना मिळतो. दारू पिऊन आलेल्यालाही, दोन शिव्या ऐकून का होईना, मिळतो. मिळत नाही तो फक्त एका प्रकारच्या माणसांना. गळ्यात ओळखपत्र अडकवून, चेहरा मऊ करून, 'मावशी, पाच मिनिटं बोलायचं होतं, एक छोटासा अभ्यास करतोय' असं म्हणत जे येतात, त्यांना गंगा सांगते की दूध संपलंय. समोरच्या पातेल्यात दूध उतू जात असतं तरी सांगते. झालेला प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाटतं, बाई फारच सौम्य वागते.

तिचा नवरा अनिल याच नाक्यावर पंक्चर काढायचा. भाऊ सगळे मुंबईला गेले, हा गेला नाही. मुंबईला जाऊन रस्ता संपतो, इथून कुठेही जाता येतं, असं तो म्हणायचा आणि स्वतः मात्र नाक्यापासून चढावरच्या वाडीपर्यंतच जायचा. गंगाच्या तुटक्या चपलांना तो ट्यूबच्या रबराचे पट्टे लावून द्यायचा. ते पट्टे चपलेपेक्षा जास्त टिकायचे. सानिकासाठी, म्हणजे एकुलत्या एका लेकीसाठी, त्याने ट्रकचा एक जुना टायर बाजूला काढला होता. परसातल्या फणसाला त्याचा झोका बांधायचा होता. टायर घरी आला, दोर आणायचा राहिला. एका दुपारी उतारावर ब्रेक निकामी झालेला टँकर दुकानात शिरला आणि अनिल गेला. सानिका तेव्हा चौथीत होती.

मयताच्या घरी समाचाराला जायची या भागात एक रीत आहे. पाहुणी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात शिरते, तिला बघितल्याबरोबर घरची बाई गळा काढते. पाहुणी तिच्या गळ्यात पडते, तीही रडते. रडणं मुकं नसतं. त्याला शब्द असतात, हेल असतात, गेलेल्याला नावाने हाक असते. पाहुणीचं माणूस आधी कधी गेलेलं असेल तर त्याचं रडणंही त्यातच होऊन जातं. मग शेजारची कोणी 'गप आता बाय' म्हणते, पदराने तोंडं पुसली जातात, पाणी येतं, चहा येतो आणि बोलणं सुरू होतं. पुढची पाहुणी आली की पुन्हा पहिल्यापासून. एकटीने एकदाच सगळं रडून संपवायचं अशी सोय इथे नाही. जो येतो तो आपल्या वाटणीचं घेऊन जातो.

अनिलच्या बाराव्याच्या आत एक गाडी चढ चढून आली. एक गोरी बाई आणि तिच्याबरोबर पुण्याची एक तरुण मॅडम, देवस्थळी नावाची. हमरस्त्यावरच्या अपघातात माणूस गेलेल्या घरांचा कुठलंसं विलायतेतलं विद्यापीठ आणि पुण्याची एक संस्था मिळून अभ्यास करत होती. गंगाला त्यातलं काय कळणार? तिला एवढंच दिसलं की लांबून दोन बायका आल्या, चपला बाहेर काढून पडवीत जमिनीवर बसल्या आणि मान खाली घालून गप्प राहिल्या. समाचाराला आलेलं माणूस असंच बसतं. कुठल्या मुलखातली बाई आपल्या अनिलसाठी आली, या विचाराने गंगाचा बांध फुटला आणि तिने त्या गोऱ्या बाईच्या गळ्यात पडून टाहो फोडला. बाईचे दोन्ही हात हवेत राहिले. ओलं पोर अंगावर टाकल्यावर माणूस जसे हात लांब धरतं तसे. देवस्थळी मॅडमच्या हातातला कॅमेरा चालू होता.

त्या दोघी पुढे काही दिवस येत राहिल्या. कोपऱ्यात बसायच्या. देवस्थळी मॅडमने एका कागदावर सही मागितली, 'तुमच्यासारख्या बायकांना मदत व्हावी म्हणून' असं सांगितलं. समाचाराला आलेल्यांना नाही म्हणायचं नसतं. गंगाने सही केली.

मदत कुणाला झाली ते देव जाणे. गंगाने नवऱ्याच्या मोडक्या दुकानाच्या जागी टपरी टाकली. चहा, काजूगर, आमसुलं, कुळथाचं पीठ, मे महिन्यात फणसाचे गरे. एका गाईचं दूध घरचं. अनिलने पट्टे लावून दिलेल्या चपला तिने तळ फाटेपर्यंत वापरल्या आणि तळ फाटल्यावरही टाकल्या नाहीत. हे कुठल्या कॅमेऱ्यात आलं नाही. सानिकाला तिने रत्नागिरीच्या कॉलेजात घातलं. पोरीने मानसशास्त्र घेतलं. ते काय असतं असं विचारल्यावर ती म्हणाली, 'माणसाच्या मनाचा अभ्यास.' गंगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी पोर माणसाचं मन शिकते. पुढे पोर मुंबईला एम.ए.ला गेली.

गणपतीला सानिका घरी आली ती तोंड पाडून. आरतीला उभी राहिली नाही, मोदकाला हात लावला नाही. संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, 'आये, तुला मी वर्गात बघितलं.'

गंगाला वाटलं, पोरीला ताप आलाय.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दुःखावर तास होता. सरांनी पडद्यावर एक फीत लावली. लाल मातीचं खळं, पडवी, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली एक बाई गळा काढून रडतेय. चेहरा झाकला तरी हातातल्या बांगड्या, नेसायची तऱ्हा, मागची तुळस, सानिकाला ओळखायला क्षणही लागला नाही. बाईच्या गळ्यात एक म्हातारी. ती येसूबाई, गंगाची मावशी, लांबून चालत आलेली. बाई रडते, रडते, आणि त्याच श्वासात मान वर करून आतल्या शेजारणीला सांगते, 'यमुनावयनी, हिच्या चायत साखर कमी घाल गो, हिला साखरेचा आजार हाय.' वर्ग फिदीफिदी हसला. सर हसण्याची वाट बघत थांबलेच होते. मग ते म्हणाले, बघा, अश्रूंची तोटी कशी सुरू होते आणि कशी बंद होते.

'आनि तू?' गंगाने विचारलं. 'तू काय केलंस?'

वर्गात सानिका गप्प बसली होती. ती माझी आई आहे, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट होतं. गोऱ्या बाईने या फितीवर निबंध लिहिला होता आणि तो जगभर वाचला जात होता. सानिकाने तो शोधून वाचला. त्यात लिहिलं होतं की असल्या समाजांत दुःख हे माणसाच्या आत नसतंच, ते रीतीपुरतं असतं. प्रत्येक पाहुण्यापुढे तेच शब्द येतात, आणि पाहुणा नसला की बाई गप्प असते. आधाराला कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं जुनं वाक्य होतं, की या मुलखातल्या बायका हुकमी रडतात. विलायतेतली बाई काळे कपडे घालून रुमालाचं टोक डोळ्याला लावते ते खोल दुःख, आणि इथली गळा काढते तो देखावा. गंगा रडली नसती तर लिहिलं असतं, या लोकांना भावनाच नाहीत. या शहाण्यांनी पळायला वाटच ठेवलेली नव्हती.

हे सगळं सांगून झाल्यावर सानिकाने चुलीतल्या लाकडाकडे बघत विचारलं, 'आये, एक खरं सांग. तू तेव्हा खरंच रडत होतीस, की रीत म्हणून?'

गंगाच्या अंगाचा तिळपापड झाला. गोरी बाई काय लिहिते, मुंबईचा मास्तर काय बरळतो, त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. त्यांचं आणि तिचं नातं काय? पण त्या पडवीत तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली पोर, जिच्या डोक्यावर तिचा एक हात सारखा होता, ती पोर हे विचारत होती. गंगाने कळशी उचलली आणि विहिरीवर गेली. विहिरीवर तिला एकच गोष्ट सारखी सलत राहिली. पोर आपली राहिली, पण तिचे डोळे त्यांनी नेले.

त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं पिठामिठापुरतं उरलं. अनिल गेला त्याला काही इलाज नव्हता. पण आपण त्याच्यासाठी रडलो हे पोरीला पटत नसेल तर घरात अनिलचं काही उरलंच नाही, असं गंगाला वाटायचं. आणि असल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?

एम.ए. झाल्यावर सानिकाने पीएच.डी.ला प्रवेश घेतला तो नेमका त्या देवस्थळी मॅडमकडे. मॅडम आता संस्थेच्या प्रमुख झाल्या होत्या. आणि मानसशास्त्रात म्हणे वारं फिरलं होतं. सानिकाने फोनवर समजावलं, 'आये, आता सगळे मानतायत की जुनं संशोधन वंशद्वेषी होतं. गोऱ्यांनी आपल्याला मोजायला स्वतःची मापं वापरली. ती मापं आता टाकून द्यायची. मॅडमना मी सांगितलं की फितीतली बाई माझी आई आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माफी मागायला घरी येणारेत.'

'चुकीचं लिवलं तर पुसा की,' गंगा म्हणाली. 'माज्या खळ्यात कशाला याया पायजे?'

'ते आता पुसता येत नाही. फीत जगभर गेलीय.'

'मग माफीबी जगभर मागा.'

तरीही त्या आल्या. मे महिना होता, कातळ तापलेला. गाडीतून देवस्थळी मॅडम उतरल्या, मागून सानिका कागदांची फाईल घेऊन उतरली. स्वतःच्या खळ्यात पोर पाहुण्यासारखी उतरली, हे गंगाने बघून ठेवलं. मॅडमनी असल्या उन्हात गंगाच्या खांद्यावर लोकरी शाल घातली आणि हातात नारळ दिला. मग मोबाईल तीन पायांच्या एका तिकाटण्यावर लावला. त्याचं तोंड गंगाकडे होतं.

'गंगाताई, तेव्हा मी लहान होते, नुसती मदतनीस,' मॅडम म्हणाल्या. 'त्या परदेशी बाईंनी जे केलं तो अन्याय होता. एका अर्थी मीही त्या अन्यायाची बळीच आहे. आज आम्ही तुमची क्षमा मागायला आलोय.'

'क्षमा तुमी मागताव, आनि फितीत मी?' गंगाने विचारलं.

मॅडम हसल्या. असं हसू गंगा नाक्यावर रोज बघते. घासाघीस करणारं गिऱ्हाईक निघून जाण्याआधी असंच हसतं.

शेजारची यमुनाबाई, जिने त्या दिवशी साखर कमी घातलेला चहा आणला होता, ती दोन घरांमधल्या दगडी गडग्याआडून बघत होती. मॅडमनी तिलाही बोलावलं. 'तुम्हीही या ना. त्या फितीत तुमचाही आवाज आहे.' यमुनाबाई म्हणाली, 'माजी भाकर करपंल,' आणि जागची हलली नाही.

मग मॅडम मुद्द्यावर आल्या. त्यांना नवी फीत करायची होती. 'तुमचं ते रडणं आम्ही आता मागासलेलं म्हणणार नाही. ती या मातीतली उपचारपद्धती आहे, असं आम्ही मांडणार आहोत. पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे, तिकडचे लोक येतील. तुम्ही एकदा, थोडंसंच, आमच्यासाठी तसं करून दाखवाल? या वेळी पूर्ण आदराने चित्रण करू. डोळ्यांवर पट्टीसुद्धा घालणार नाही.'

गंगा त्यांच्याकडे बघत राहिली. मागच्या वेळी चोरून नेलं, या वेळी मागून न्यायला आल्या होत्या. फरक एवढाच, की आता शाल होती.

'कोन मेलाय?' तिने विचारलं.

'म्हणजे?'

'रडाया सांगताव ना? मग कोन मेलाय ता सांगा. तुमच्यातला कोन मेला असंल तर बसा, रडू. पानी देतंय, गळ्यात पडतंय. उगाच बसल्या बसल्या रडाया मी काय नाटकात हाय?'

मॅडमचा मऊ चेहरा जरा ताणला गेला. त्यांनी इंग्रजीत सानिकाला काहीतरी सांगितलं. सानिकाने फाईल उघडली. 'आये, मग निदान एवढे प्रश्न घेऊया. ही नवी प्रश्नावली आहे. आपल्या लोकांसाठी बनवलेली.' आवाज तिचा होता, पण शब्द कागदावरचे होते. 'मृत्यूनंतरच्या विलापात आपल्याला जाणवलेलं दुःख एक ते दहा या मापावर किती होतं? एक म्हणजे अगदी थोडं, दहा म्हणजे...'

'परत वाच,' गंगा म्हणाली.

सानिकाने परत वाचलं. या वेळी तिची नजर कागदावरून उठली नाही.

आणि गंगा इतक्या वर्षांनी पोरीला म्हणाली, 'आता मी इचारतंय. तूबी एक ते दहात सांग. तुजा बापूस किती मेला?'

गंगाला वाटलं, पोर आता चिडेल, फाईल आपटेल, शहराच्या भाषेत काहीतरी बोलेल. तिला चिडवायचंच होतं. इतके दिवस आत साठलेलं सगळं त्या एका प्रश्नात तिने भरलं होतं आणि तो पोरीच्या अंगावर फेकला होता.

सानिकाने उत्तर शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. परसाच्या कोपऱ्यात फणसाखाली तो टायर अजून पडलेला होता, अर्धा पाचोळ्यात बुडालेला. फाईल तिच्या मांडीवरून घसरली. आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. लांब, वर चढत जाणारा, हेल काढलेला.

'बाबा रे माज्या... मना झोका बांदनार व्हतास रे... दोर आनतो म्हनालास नि आलासच न्हाय रे बाबा...'

तेव्हा चौथीत असलेली पोर त्या दिवसांत रडलीच नव्हती. ती नुसती बघत बसली होती. गोऱ्या बाईने तेही लिहून ठेवलं होतं, मूल निर्विकार आहे म्हणून. आज तिच्या तोंडून आईचे शब्द, आईचा हेल येत होता, आणि त्यातला प्रत्येक शब्द तिचा स्वतःचा होता. गंगाने शाल झटकली, दोन ढांगांत पोरीपाशी गेली आणि तिच्या गळ्यात पडली. मग तिचाही आवाज फुटला. गडग्याआडून यमुनाबाई आली, तिला कुणी बोलवावं लागलं नाही. तिघी रडल्या.

तेवढ्यात गंगाच्या कानावर कुजबुज आली. 'हेच. अगदी हेच हवं होतं.'

देवस्थळी मॅडमनी मोबाईल तिकाटण्यावरून काढून हातात घेतला होता आणि त्या एक एक पाऊल पुढे सरकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते पाणी बघून गंगाला अनिल गेल्यावरही आला नव्हता असा राग आला. ती उठली. मॅडमच्या हातातून मोबाईल घेतला, गोठ्याच्या दाराशी गुरांच्या धुवणाची बादली होती तिच्यात टाकला, आणि वर शांतपणे म्हणाली, 'जावा आता.'

'तो संस्थेचा फोन आहे,' मॅडम म्हणाल्या. मऊपणा कुठल्या कुठे गेला होता. 'तुम्हाला कल्पना आहे का, याचा सानिकाच्या करिअरवर काय परिणाम होईल? आम्ही तुमची माफी मागायला आलो होतो. सानिका, तू तरी समजाव यांना.'

सानिका खाली बसलेली होती, नाक वाहत होतं, केस सुटले होते. ती उठली नाही. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. गंगाही वाट बघत होती. टपरीवर उभं राहून ज्या शिक्षणासाठी तिने तळवे झिजवले होते ते सगळं त्या गाडीत बसून जाणार होतं, हे तिला मॅडमइतकंच कळत होतं.

'मॅडम,' सानिका शेवटी म्हणाली, 'तुमी जावा. आमच्यात मानूस गेलाय.'

गाडी उतारावरून गेली. शाल खळ्यात पडली होती ती यमुनाबाईने काठीने उचलून गडग्यावर टाकली. नारळ तिने घरी नेला. नारळाचा काय दोष, असं म्हणाली.

गंगा लेकीशेजारी टेकली. मग गंगाने पदराने आधी पोरीचं तोंड पुसलं, मग आपलं पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

'चाय ठेवतंय,' ती म्हणाली. 'साखर किती घालू गो? तिकडं ऱ्हाऊन सवय बदलली असंल तुजी.'

'पयलीसारकीच घाल,' सानिका म्हणाली.